वाघमारे आणि पार्किंगमधली कलमाशी

नोकरीच्या इतक्या वर्षांत मी सगळ्यात जास्त शिव्या कुणाला घातल्या असतील तर त्या श्रीमंत वाघमारेंना. मनातल्या मनात, अर्थात. तोंडावर 'काय साहेब, चहा झाला का' असंच. मी डिस्पॅचला, ते फायनल इन्स्पेक्शनला. आमची कंपनी चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवते. तयार माल गाडीत भरून रवाना करायचं काम माझं, आणि तो भरू द्यायचा की नाही हे ठरवायचं काम त्यांचं. विळ्या-भोपळ्याचं हे नातं कंपनीनेच आम्हाला नेमून दिलं होतं, त्यात आमचा दोघांचाही दोष नव्हता.

नाव श्रीमंत आणि शर्ट तीन. तिन्ही फिकट निळे, त्यामुळे नव्या पोरांना वाटायचं एकच आहे. वरच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचाही बारीक हिस्सा मोजणारं ते स्टीलचं माप. ते जेवतानाही खिशातच असायचं. एकदा कँटीनवाल्याने पोळ्या लहान केल्या म्हणून टेबलावर कुरबुर चालली होती. सगळे तावातावाने बोलत होते. वाघमारेंनी व्हर्नियर काढून पोळीला लावलं, दोन्हीकडून बघितलं आणि म्हणाले, "लांबी-रुंदी तीच आहे. जाडी कमी झालीय." नंतर ते स्वतःच्या ताटातली पोळी शांतपणे खात राहिले. कँटीनवाला दुसऱ्या दिवशीपासून त्यांना पाहिलं की पोळ्यांवर फडकं टाकायचा.

त्यांचा लाडका शब्द 'बघू'. बाकीच्या जगात 'बघू' म्हणजे नाही. वाघमारेंच्या तोंडून 'बघू' म्हणजे खरोखरच बघू. गाडी गेटवर, ड्रायव्हर घड्याळाकडे बोट करतोय, पलीकडून गिऱ्हाइकाचे फोनवर फोन, आणि मी त्यांच्या टेबलासमोर हात जोडून उभा. "साहेब, एवढी सही." "बघू." मग एकेक पार्ट उजेडात धरून, उलटा करून, पुन्हा सुलटा करून. पटला नाही तर सगळ्या लॉटवर होल्डचं लाल कार्ड. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता, तेवढं समाधानही नशिबात नव्हतं.

आमच्याकडे सह्यांची एक रीत आहे, आणि ती चाकणपासून भोसरीपर्यंत कुठल्याही शेडमध्ये गेलात तरी थोड्याफार फरकाने सापडेल. मशीनजवळ एक तक्ता टांगलेला असतो. दर तासाला माप घ्यायचं, आकडा भरायचा, सही करायची. हुशार माणसं आठ तासांचे आठही आकडे सकाळच्या चहाआधीच भरून मोकळी होतात. खाली सुपरवायझर सही करतो, कारण वर ऑपरेटरची असते. त्याच्याखाली इंजिनिअर करतो, कारण वर दोन असतात. सत्यनारायणाला भटजी सांगतात तसं जो तो 'मम' म्हणून मोकळा. वाघमारे 'मम' म्हणत नसत. "मी बघितलेलं नाही," एवढंच सांगत आणि रकाना कोरा ठेवत. त्या कोऱ्या रकान्यांपायी त्यांची तीन प्रमोशनं गेली असं लोक म्हणायचे. मला वाटतं दोन.

झाडांचा नाद त्यांना साखरेमुळे लागला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. ते निगडीला राहायचे, दुर्गा टेकडीजवळ, तर चालायला लागले. पण नुसतं चालणं या माणसाला जमणार कसं? आठ दिवसांत ते चालता चालता रस्त्याकडेच्या झाडांची तपासणी करू लागले. मुलीने फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्यात झाडाचा फोटो टाकायचा, आपल्याला वाटतं ते नाव द्यायचं, मग इतर लोक ते बघून 'सहमत' म्हणतात किंवा दुसरं नाव सुचवतात. पुरेसे लोक सहमत झाले की नोंदीवर हिरवी खूण येते आणि ती पक्की होते. पुढे कुणी अभ्यासक त्या नोंदी वापरतात, कुठलं झाड कुठं उगवतं याचे नकाशे करतात. म्हणजे जगभरातली माणसं कामधंदा सोडून एकमेकांची झाडं तपासत बसलेली. वाघमारेंना पन्नाशीत माहेर सापडलं.

तिथेही त्यांचा हिशेब तोच. "पानाची खालची बाजू दिसत नाही. कृपया पान उलटं करून फोटो द्यावा." "फुलाविना नाव देता येणार नाही." "हे झाड आहे की सावली?" केरळातल्या कुठल्याशा प्रोफेसरबाईंनाही त्यांनी पान उलटं करायला लावलं होतं, आणि बाईंनी ते केलं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. एकदाच सांगितलं असतं तरी माझ्या लक्षात राहिलं असतं.

हा नाद कंपनीत आला तो दसऱ्याला. आमच्याकडे खंडेनवमीला मशीनांची पूजा होते आणि नंतर सगळे एकमेकांना सोनं देतात. प्लँट हेड साहेबांनी शॉपफ्लोअरवर येऊन प्रत्येकाच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. वाघमारेंनी पान घेतलं, उलटं केलं, शिरांवर बोट फिरवलं.

"सर, हा आपटा नाही. कांचन आहे."

"असू द्या हो वाघमारे, सोनंच आहे ते."

"नाही सर. कांचनाची पानं मोठी, आपट्याची लहान. बाजारात सर्रास हेच विकतात."

साहेब हसले, पण डोळ्यांनी नाही. त्यांच्या मागे पानांची परडी धरून एचआरच्या रश्मी मॅडम उभ्या होत्या, त्यांनीच ती पिंपरीच्या मंडईतून आणवलेली. वाघमारेंनी ते पान नाकारलं नाही, रीतसर कपाळाला लावून खिशात ठेवलं. पण कांचन म्हणून ठेवलं. त्या दिवशी सोनं वाटणारा प्रत्येक जण त्यांना टाळून पुढे जात होता.

रश्मी मॅडम मात्र मनात डूख धरणाऱ्यातल्या नव्हत्या. उलट त्यांना त्यात संधी दिसली. पुढच्या पर्यावरण सप्ताहात त्यांनी स्पर्धाच लावली. जो कामगार त्या ॲपवर सगळ्यात जास्त झाडं नोंदवेल त्याला मिक्सर. झालं. आमच्या लोकांना काम कसं करावं हे शिकवावं लागतं, टार्गेट कसं पूर्ण करावं हे नाही. दोन दिवसांत नोंदींचा पूर. रिसेप्शनमधला मनीप्लँट एकट्याने चाळीस वेळा. कँटीनची मेथी. कुणीतरी कढीपत्ता टाकला, फोडणीतला. 'सहमत' मिळवायचं तर तक्त्याची रीत तयारच होती. तू माझ्यावर म्हण, मी तुझ्यावर म्हणतो. वेल्डशॉपमधल्या एकाने रिसेप्शनवरचं ऑर्किड टाकलं, त्यावर सहा जण सहमत होऊन हिरवी खूणही आली. खाली वाघमारेंची टीप: "पान उलटं करून पाहिलं. मागे साच्याचा जोड दिसतो. पदार्थ प्लास्टिक."

मिक्सर त्या वेल्डशॉपवाल्यालाच मिळाला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या कंपाउंडच्या मागच्या अंगाला अर्धा एकर मुरमाड जागा पडून होती. गवत, दगड आणि अधूनमधून साप. तिथे ट्रकचं पार्किंग व्हावं म्हणून मी अर्ज करून करून थकलो होतो. माझ्या गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या राहायच्या, गावकऱ्यांची वाट अडायची, रोज भांडण. शेवटी एका पावसाळ्यात मंजुरी आली. दिवाळीनंतर काम सुरू होणार होतं. आणि त्याच पावसाळ्यात वाघमारे डबा खाऊन त्या जागेत फेरी मारू लागले.

त्यांना तिथे एक झाड सापडलं. झाड कसलं, बोटभर उंचीचं रोप. फिकट जांभळी, नखाएवढी फुलं. मला दाखवायला त्यांनी फोटो आणला होता. म्हणाले, "काळोखे, ही कलमाशीच्या भावकीतली आहे, पण कलमाशी नव्हे. कलमाशी सगळीकडे असते, आणि वाढते चांगली वीतभर. ही बुटकी आहे. पानं लहान, कणीस लहान. मी तीस रोपं मोजली. एकही मापाबाहेर नाही." मग एक लॅटिन नाव सांगितलं, जे मला आजही एका दमात म्हणता येत नाही. सह्याद्रीत मोजक्या ठिकाणी मिळणारं, दुर्मीळ. ते सांगताना ते चक्क भराभर बोलत होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी नोंद टाकली, मापांसकट. चहाच्या सुट्टीत अकरा जणांनी 'सहमत' म्हणून टाकलं. त्यातला एक मी. एका हातात वडापाव होता, दुसऱ्या हाताने अंगठा दाबला. झाड मी पाहिलेलंही नव्हतं. पण वाघमारेंनी सही केलीय म्हटल्यावर आणखी काय बघायचं? हा माणूस प्लँट हेडच्या हातातल्या सोन्याला तोंडावर कांचन म्हणतो, तो काय रानातलं गवत ओळखायला चुकणार?

रश्मी मॅडमच्या कानावर गेलं आणि चक्रं फिरली. कंपनीचा हरित पुरस्कारासाठी अर्ज जायचा होता. आठवड्याभरात जागेला तारेचं कुंपण झालं, पाटी लागली: 'दुर्मीळ वनस्पती संरक्षित क्षेत्र. गवत कापू नये.' प्लँट हेड साहेबांचा रोपाशेजारी उकिडवं बसलेला फोटो कॅलेंडरवर आला. त्यांच्या डाव्या बुटाखाली एक दुर्मीळ वनस्पती अगदी स्पष्ट दिसते. माझ्या पार्किंगच्या फायलीवर एकच शेरा आला, 'तूर्त स्थगित.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. स्वतःच्याच अंगठ्याने मी स्वतःचं पार्किंग घालवलं होतं. रस्त्यावर गाड्या आणि गावकरी होतेच.

ते वर्ष वाघमारेंचं सुखाचं गेलं. दुपारी डबा झाला की कुंपणाचं फाटक उघडून आत. मधमाश्या मोजायचे, गवताची नावं लिहायचे. परत आल्यावर चक्क स्वतःहून बोलायचे. एकदा त्यांनी मला विचारलंसुद्धा, "घरी सगळे बरे ना?" मी इतका दचकलो की बरे आहेत हे सांगायलाच विसरलो. लाल कार्डं मात्र तेवढीच पडायची. त्या बाबतीत सुखाने त्यांचं काही बिघडलं नाही.

दुसरा पावसाळा आला. श्रावणात कधीतरी त्यांचं बोलणं बंद झालं. आठ-दहा दिवस ते दुपारी जायचे, व्हर्नियर घेऊन बसायचे, परत यायचे, गप्प. मला वाटलं साखर वाढली. मग एका दुपारी ते माझ्या टपरीवजा केबिनमध्ये आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "काळोखे, माझ्याकडून चूक झालीय. तुमचं नुकसान झालंय म्हणून आधी तुम्हाला सांगतो."

मला काही कळेना. त्यांनी समजावलं. गेल्या वर्षापर्यंत तिथे दर पंधरा दिवसांनी ठेकेदाराचा माणूस मशीनने गवत कापायचा, सापांसाठी. गवताबरोबर ती रोपंही कापली जायची. पुन्हा फुटायची, पुन्हा कापली जायची. म्हणून बुटकी. म्हणून पानं लहान, कणीस लहान, आणि तीसच्या तीस एकाच मापात, कारण मशीनचं पातं एकाच उंचीवर लावलेलं. त्यांनी मोजलेली मापं अचूक होती. फक्त ती झाडाची नव्हती, गवत कापायच्या मशीनची होती. या वर्षी पाटीमुळे कापणी थांबली आणि रोपं आपली वीतभर वाढली.

"म्हणजे ती..."

"कलमाशी. साधी. रस्त्याच्या कडेला असते ती."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण समोरचा माणूस हसण्याच्या अवस्थेत नव्हता. जपल्यामुळे ती साधी ठरली, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी म्हटलं, "साहेब, कुणाला कळणार आहे? राहू द्या की. तुमचीही जागा राहील, झाडं पण राहतील."

"नकाशात चुकीचा ठिपका पडलाय. उद्या कुणी अभ्यासक त्यावर विसंबेल."

"आणि ही जागा गेली तर?"

"जाईल," ते म्हणाले. "ते मी बघितलंय."

त्यांनी त्याच संध्याकाळी ॲपवर जाहीर लिहिलं: "माझी ओळख चुकली. ही कलमाशी आहे. कारण खाली दिले आहे." दुसऱ्या दिवशी प्लँट हेड साहेबांना जाऊन सांगितलं. रश्मी मॅडमही तिथे होत्या, त्यांच्याकडूनच मला पुढचं कळलं. साहेबांनी फोन उघडून पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "पण वाघमारे, इथे तर अजून दुर्मीळच दाखवतंय. हिरवी खूणसुद्धा आहे. तुमचं एकट्याचं मत वेगळं दिसतंय." पुरस्काराचा निकाल लागायचा होता. बहुमत दुर्मीळाच्या बाजूने होतं.

तर असा हा न्याय झाला. आयुष्यभर 'मी बघितलेलं नाही' म्हणून सही न करणाऱ्या माणसाने एकदा बघून सही केली, आणि त्याच्यावर अकरा जणांनी न बघता केल्या. आता त्याने बघून काढली तरी अकरांच्या चालूच. नोंद बदलायची तर दोन तृतीयांशांहून जास्त लोक दुसऱ्या नावावर यायला हवेत. बारापैकी किमान नऊ. वाघमारे एक. आठ शोधायचे.

मग सुरू झाली एक विलक्षण वरात. वाघमारे शिफ्ट सुटली की एकेकाला गाठायचे. कुणी मोशीला राहतो, कुणी वाकडला, कुणी कंपनी सोडून हिंजवडीत सिक्युरिटीला लागलेला. "तुमचं 'सहमत' काढून कलमाशीवर द्या." "कशाला साहेब? तुम्हीच तर म्हणाला होता." "मी चुकलो होतो." लोकांना हे झेपेना. एकाला वाटलं साहेबांवर दबाव आहे, त्याने युनियनला सांगतो म्हणून धीर दिला. एकाने तर बाणेदारपणे सांगितलं, "आपण एकदा शब्द दिला की दिला." वेल्डशॉपवाला म्हणाला, आधी मिक्सर परत घेणार नाही असं लिहून द्या. असं करत करत सात जणांनी नाव बदललं. तिघांचे नंबर लागेनात. उरलो मी.

माझं मन मला कळत नव्हतं. पार्किंग कुणाला हवं होतं? मला. आणि अंगठा उचलत नव्हता कोण? मी. रोज म्हणायचो, आज काढतो, आणि काढत नव्हतो. त्या माणसाला फाटक उघडून आत जाताना मी वर्षभर पाहिलं होतं. ते सुख माझ्या हाताने संपवायचं म्हणजे मला जड जात होतं, हेच खरं.

एका शनिवारी ते आले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. मी टाळाटाळ केली, गाड्यांचं निमित्त सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील पिंपरीला एका फाउंड्रीत होते. कंपनी बंद पडायच्या आधी एक दिवस सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि कागदावर सह्या घेतल्या. वडिलांनी पुढच्याला विचारलं, काय आहे? तो म्हणाला, सगळे करतायत. वडिलांनी केली. तो स्वखुशीचा राजीनामा होता. "त्यांना वाचता येत होतं," वाघमारे म्हणाले. "बाबासाहेबांचं सगळं वाचलेलं माणूस. फक्त त्या दिवशी वाचलं नाही."

मी समोरची चलनं बाजूला सारली.

"तुम्ही ते झाड पाहिलंत का, काळोखे?"

"नाही."

"मग सही कशावर केलीत?"

"तुमच्यावर."

त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं काही उमटलं नाही. उलट कुणी दुखरी जागा दाबावी तसं झालं. "माझ्यावर सही करायची नसते," ते म्हणाले, "चला."

मी गेलो. त्या फाटकाच्या आत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं. दोन वर्षं ज्या जागेसाठी भांडलो ती मी आतून पाहिलीच नव्हती. गुडघाभर गवत, त्यात पिवळं, निळं, पांढरं काय काय फुललेलं. त्यांनी मला उकिडवं बसवलं, हातात व्हर्नियर दिलं आणि बाजूला झाले. मी पानं मोजली, कणसं मोजली. मला त्यातलं काय कळतंय, पण बाहेर रस्त्याकडेला माझ्या ट्रकच्या चाकांजवळ जी असते ती आणि ही, यांत मला काही फरक दिसला नाही. तेच फिकट जांभळं फूल. मी तिथेच बसून फोन काढला आणि नाव बदललं. हिरवी खूण गेली. थोड्या वेळाने आली, पण कलमाशीवर.

वाघमारे म्हणाले, "थँक्यू." मी गाड्या बघायला जातो म्हणून निघालो.

पुढचं सगळं भराभर झालं. नाव बदलल्याचं रश्मी मॅडमनी पाहिलं, साहेबांना सांगितलं. साहेब चिडले नाहीत. त्यांनी फक्त पार्किंगची फाइल मागवली. कुंपण निघालं. पाटी सिक्युरिटीवाल्याने उलटी करून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'वेग मर्यादा' रंगवली. पुढच्या गुरुवारी पोकलेन येणार असं ठरलं. वाघमारेंनी कुणाकडे तक्रार केली नाही, विनंती केली नाही. त्यांनी जागेवर सुतळ्या ताणून चौकोन पाडले आणि सुट्टीत, शिफ्ट सुटल्यावर, रविवारी पूर्ण दिवस, एकेका चौकोनातलं एकेक झाड नोंदवत सुटले. पाच-पाच फोटो. पानाची खालची बाजू, वरची बाजू, खोड, फूल, फळ. सगळी साधीच झाडं. रविवारी मी त्यांना डबा नेऊन दिला. माझी बायको म्हणाली, त्या तुमच्या दुश्मनाला डबा?

गुरुवारी सकाळी पोकलेन आलं तेव्हा शेवटचा एक चौकोन राहिला होता. ऑपरेटर बीडकडचा, चाळिशीचा, गळ्यात उपरणं. त्याने मशीन बंद केलं आणि आमच्याजवळ येऊन उभा राहिला. वाघमारे जमिनीवर पालथे पडून एका रोपाकडे बघत होते. जमिनीला चिकटलेली, कातरलेली पानं, फूल नाही. त्यांनी फोटो काढले, पण नावाचा रकाना कोरा ठेवला.

"काका, पाथरी हाय ती," ऑपरेटर म्हणाला.

"फूल नाही. हिच्यासारख्या दोन-तीन असतात. फुलाविना सांगता येत नाही."

"फूल कशाला लागतंय? लहानपणापासून खातोय की. आमची आई शेतातून वटा भरून आणायची. भाकरीबरबर कच्चीच खायची, कांदा न् तेल-तिखट टाकून."

"बघितलीय तुम्ही नीट?"

"बघितलीय काय, खाल्लीय म्हन्लं ना."

वाघमारे उठून बसले. त्यांनी एक पान तोडलं. दोन वर्षांत त्या जागेतलं त्यांनी तोडलेलं ते पहिलं पान, बाकी सगळं ते नुसतं उलटं करून पुन्हा सुलटं करत. देठातून दूध आलं. पँटला पुसून त्यांनी ते तोंडात घातलं आणि डोळे मिटून चावलं.

"कडू आहे."

"जून हाय म्हनून. आतलं कवळं घ्या."

त्यांनी कोवळं घेतलं. मलाही दिलं. ऑपरेटरने खाली बसून चार पानं खुडली, मग आठ, मग गळ्यातलं उपरणं काढून जमिनीवर पसरलं. "इथं पुण्याकडं आल्यापसनं न्हाई मिळाली ही," तो म्हणाला. "बाजारात येत न्हाई." वाघमारेंनी फोनवर नाव लिहिलं, पाथरी, आणि खाली टीप: ओळख पटवणारा, पोकलेन ऑपरेटर. मग फोन खिशात ठेवला आणि तेही खुडायला लागले. गेटवर माझ्या दोन गाड्या वळायला जागा नाही म्हणून हॉर्न देत होत्या. मी कुणालाही घाई केली नाही. चौकोन ओलांडून ते दोघं सगळ्या जागेत फिरले, सुतळ्यांवरून पाय टाकत, वाकून, पाथरी दिसेल तिथे बसत. उपरण्याचं गाठोडं फुगत गेलं. वाघमारे मध्येच एखादं पान उजेडात धरून बघायचे आणि किडकं असेल तर बाजूला टाकायचे.

"आता घरी कोण आहे करायला?" त्यांनी विचारलं.

"बायको हाय. पोरगी हाय. त्यांनी बघितली पन नसंल."

"मग हे घ्या," वाघमारे म्हणाले, आणि आपल्या मुठीतलं सगळं त्याच्या गाठोड्यात टाकलं. ऑपरेटरने गाठ मारली, गाठोडं केबिनमध्ये सीटमागे सावलीत ठेवलं, आणि मशीन सुरू केलं.